हात सोडवताना

सरकारी कागदावर माझ्या कामाला लांबलचक नाव आहे.
घरी मी सांगते, चिकटलेले हात सोडवते.
देवरुखहून आई फोनवर हसली होती:
म्हणजे फणसाचा चीक काढतेस की गं!
तसंच. फक्त इथे फणस म्हणजे रस्ता,
ब्रिस्टलच्या पूर्वेचा, सकाळी सव्वाआठचा,
आणि चीक दुकानात मिळतो, ट्यूबमध्ये.

त्या मंगळवारी पाच जण बसले होते.
चौघांचं लवकर आटपलं.
पाचवी हिल्डा प्रॉथरो, वय एकाहत्तर,
भूगोलाची निवृत्त शिक्षिका,
उजवा तळवा डांबराला घट्ट.
या वयात कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
घाई केली की सोलून हातात.
मी गुडघ्याखाली चटई घेतली,
कोमट तेल, रंगाचा ब्रश, लाकडी पट्टी.
सुरुवात अंगठ्यापासून करायची असते.

मागे दीड मैल गाड्या.
व्हॅनमधून एक गिलावा करणारा उतरून आला, पोलंडचा.
ओरडला नाही. म्हणाला,
बाई, आजचे एकशे चाळीस पौंड गेले,
तुम्ही देणार की समुद्र देणार?
हिल्डा म्हणाली, सॉरी.
इथे सॉरी दिवसाला शंभरदा ऐकू येतं,
हे तसलं नव्हतं.
मग एका तरुणीने तिच्या डोक्यावर कॉफी ओतली.
थंड. बहुधा थंड होईपर्यंत थांबून.

आणि एक निळी फियाट होती,
डायलिसिसला निघालेला म्हातारा आत.
रुग्णवाहिकेला हे लोक वाट देतात, नियम आहे त्यांचा,
पण फियाटवर तसं काही लिहिलेलं नसतं.

तर्जनी सुटली. मधलं बोट हटून बसलं.
मी विचारलं, विचारायचं नसतं तरी,
काय मिळतं तुम्हाला यातून?
ठाऊक नाही, ती म्हणाली.
तीस वर्षं फळ्यावर नदी काढली,
पोरांनी वहीत उतरवून घेतली, मार्क चांगले पडले.
पत्रं लिहिली. उत्तरं यायची,
सुबक, सही छापलेली.
आज निदान तू विचारलंस.

मला राग आला. मी म्हणजे कुणी मंत्री नव्हे,
माझ्या विचारण्याने कुठली चिमणी बंद होणार?
आणि त्या फियाटमधल्या माणसाने
तुमचं कुठलं पत्र परत पाठवलं होतं?
ती बराच वेळ गप्प.
खरंय, म्हणाली. तेवढ्यासाठी मला रात्री झोप लागत नाही.
तरी बसलात?
तरी बसले.

करंगळीखाली नखाएवढी कातडी रस्त्यावरच राहिली.
मी तिच्या हाताला मलम लावलं,
मग त्याच हाताला बेडी.
बेडी सैल लावली, ते नोंदवहीत लिहिलं नाही.

कोर्टात विचारलं, किती वेळ लागला?
सत्तेचाळीस मिनिटं.
ती कशासाठी बसली होती हा विषयच नाही,
न्यायाधीशांनी ज्यूरीला आधीच बजावलं होतं.
त्यामुळे तेल कुठलं वापरता असं विचारलं गेलं.
सूर्यफुलाचं, मी म्हटलं,
आणि बारा जणांपैकी एकाने ते लिहून घेतलं.

नवरा म्हणतो, असल्या बायांमुळेच लोक चिडतात
आणि मूळ गोष्ट बाजूला पडते.
असेलही. जेवताना आम्ही मूळ गोष्टीवर
त्या दिवशी पहिल्यांदा बोललो,
भांडलो म्हणा, डाळ गार झाली.

फेब्रुवारीत त्याच चौकात पाणी भरलं,
मांडीएवढं, तपकिरी, तीन तास सगळं ठप्प.
बूट घालून मी गाड्या परत फिरवत होते.
व्हॅनमधून कुणी उतरून आलं नाही,
पैसे कोण देणार विचारायला.
कॉफीही कुणी ओतली नाही.
मी काचांमधून डोकावत चालले होते,
रांगेत निळी फियाट आहे का बघत.