तिसरा सेकंद

रात्री साडेनऊला फोन. पंधरा वर्षांचा आहे,
आई फोन उचलत नाही, बापाचा पत्ता नाही,
येता का?
भाताखालचा गॅस बंद केला आणि निघाले.

बर्न्लीच्या पोलीस कोठडीत मी अशी अधूनमधून जाते.
पगार नाही. बसचं भाडं मिळतं, तिकीट जपून ठेवलं तर.
काम एवढंच : मुलाच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं
आणि त्याला कळतंय ना, ते बघायचं.

सार्जंट ऑलरॉइडने बुटांच्या नाड्या पिशवीत घातल्या होत्या,
पँटची दोरीसुद्धा.
दोन्ही हातांनी कंबर धरून तो आला.
नाव सांगता येणार नाही, तसा नियम आहे.
उन्हाने सोललेली मान, कुरतडलेली नखं.
मला बघून म्हणाला, दुसरं कोणी नव्हतं?
नव्हतं, म्हटलं.

मग तो इशारा. मला पाठ आहे,
आणि दर वेळी तो मनात मराठीत उतरतो :
तुला काही बोलायलाच हवं असं नाही.
पण आज विचारलेलं आज सांगितलं नाहीस
आणि उद्या कोर्टात त्याच्यावरच भिस्त ठेवलीस,
तर तुझंच नुकसान होऊ शकेल.
कळलं? त्याने मान हलवली.
तुझ्या शब्दांत सांग बरं.
तो म्हणाला, गप्प बसलं तरी फसतो, बोललं तरी फसतो.
वकीलबाई मिसेस ग्रिमशॉ वहीत बघत राहिल्या.

दंगा करू नका रे, असं आम्ही पोरांना दुपारभर म्हणायचो.
इथे दंग्याला मोजमाप आहे.
बारा जण असले तर एक कलम,
तिघांवर दुसरं,
एकट्यालाही पुरेल असं तिसरं.
माणसं मोजून गुन्ह्याचं नाव ठरतं.
नुसतं उभं राहणाऱ्याला कुठल्या रकान्यात घालतात,
हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी क्लिप लावली.
पहिला सेकंद : पाठी, टोप्या, एक कुत्रा.
दुसरा : फरीदाचं दुकान. माझ्या ब्लाउजांना तीच बाह्या लावते.
तिसरा : पडद्याच्या अगदी कडेला बसथांबा,
जांभळी छत्री, मिटलेली,
हातात कोबीची पिशवी.

मी.

थांबवा, म्हटलं. आवाज माझाच होता, पण उशिरा आला.
छत्री दाखवली. ती बाहेर बाकावर ठेवली होती,
अजून ओली.

ज्याने पाहिलं, त्याला त्या खुर्चीत बसता येत नाही. हाही नियम,
आणि तो मीच नव्या लोकांना शिकवते.
टेप थांबवल्याची वेळ सांगण्यात आली. दहा वाजून बावन्न.
दुसरं माणूस मिळेपर्यंत त्याला परत आत नेणार होते.
म्हणजे तुम्ही चाललात, तो म्हणाला.
विचारलं नाही, नुसतं म्हणाला,
आणि कंबर सावरत उठला.

क्लिप नवव्या सेकंदाला संपते, असं नंतर कळलं.
हात वर गेलेला, हातात वीट, आणि बस.
त्यापुढचं कोणाच्याच फोनमध्ये नाही.
मी मात्र तिथेच होते, दहाव्या सेकंदाला, अकराव्या,
मग बस आली आणि मी चढले.

दुसऱ्या दिवशी फरीदाच्या काचेवर प्लायवूड होतं.
मी समोरून गेले. तिने हात केला. मीही केला.
पाच दिवस.
मला कोणी काही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आता हवालदाराने फॉर्म पुढे केला. आडनाव?
अक्षरं सुटी करून सांगितलं. त्याने तरी चुकवलं.
मी वाट बघत होते,
ते वाक्य कधी म्हणतो त्याची :
तुम्हाला काही बोलायलाच हवं असं नाही.
साक्षीदाराला ते म्हणत नाहीत.

तो नुसता म्हणाला, सावकाश लिहा.
आतून दार लावल्याचा आवाज आला.
पेन चालेना. झटकलं.