नव्वद पॉइंट आठ, रात्रपाळी

सोसायटीच्या गोदामावर आमची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, खिडकीला सतरंजी,
गच्चीवर टॉवर. आवाज नाल्यापलीकडे जातो,
डोंगरापलीकडे नाही.

सकाळी मी तुरीचा भाव सांगते,
थ्री फेज कुठल्या फिडरला किती वाजता,
कुणाची पांढऱ्या कपाळाची कालवड हरवली,
कुणाच्या तेरवीचं जेवण शाळेच्या मैदानात हलवलं.
रात्री नऊला बटण खाली.
नऊनंतर बोरनाल आपलं आपण.

पौषात देवाजी नेहारे जिना चढून आले,
चपला खालीच ठेवून.
(सगळेच ठेवतात. कोणी सांगितलं नाही.)
"बाई, रात्री दोनले काही लावून ठेवता येते का?
चन्यात डुकरं येते. रेडू खांबाले बांधला हाय,
तुमी बोलता तवर एकबी येत नाही.
तुमी थांबल्या का येते."

सात वर्षं मी या खुर्चीत.
पत्रं आली, एकदा कलेक्टर ऑफिसचं प्रमाणपत्र,
पण माझ्या आवाजाने चार एकर राखले जातात
असं कोणी म्हटलं नव्हतं.

मग दोन तासांचं रेकॉर्डिंग केलं:
जुने भाव, एसटीचं वेळापत्रक,
ग्रामसभेचे ठराव, मधे तीसपर्यंत पाढे.
आठ रात्री चाललं.
नवव्या सकाळी नेहारे पुन्हा जिन्यात.
"त्याहिले समजलं, बाई, तेच तेच हाय म्हून.
सतराच्या पाढ्यावर
आरामात घाटे खाऊन राहिले होते."

म्हणून आता मी स्वतः येते.
दीड वाजता, नवऱ्याची कानटोपी, थर्मास,
खालचं कुत्रं एकदाच, ओळखीचं भुंकतं.
लाल दिवा लावते आणि सुचेल ते बोलते:
सासूने कोठीत लपवलेली बरणी,
भूमितीत मिळालेले एकोणचाळीस,
लग्नाच्या दिवशी तुटलेली सँडल
आणि ती कोणी शिवली.
कधी थेट त्यांनाच:
ए, धुऱ्यावरची, पिल्लं घेऊन आली आहेस ना,
नाल्यात मोथा आहे, तो उकर जा.

फोन येतील असं वाटलं नव्हतं.
जिनिंगचा चौकीदार. दवाखान्यातली नर्स,
म्हणाली, बाळ तुमच्या बरणीच्या गोष्टीत झालं,
पुढचं ऐकायचं राहिलं, बरणीत होतं काय?
एक जण फोन लावतो आणि बोलत नाही.
त्याच्या मागून माझाच आवाज येतो,
थोडा उशिराने.
मी त्याला घाई करत नाही.

परवा बोलता बोलता डोळा लागला.
किती वेळ, माहीत नाही. माइक चालू.
जाग आली तेव्हा गाल टेबलावर
आणि मीटरची हिरवी दांडी
माझ्या श्वासासोबत वर, खाली.

सकाळी मी काही विचारलं नाही.
नेहारेच आले, चपला खाली ठेवून,
हातात ओल्या चन्याची जुडी.
"काल एकबी नाही आलं," म्हणाले,
आणि जुडी टेबलावर ठेवेपर्यंत थांबले.
"घोरत होत्या तुमी.
त्याहिले वाटलं असन,
मोठं कोणी अगोदरच आलं हाय."