भरपाई

टाम्पेरेच्या खळाळावर, जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर
माझी खोली आहे. दोन खुर्च्या, एक किटली,
खिडकीखाली थंडीतही गोठायला नकार देणारं पाणी.
तासाचे नव्वद युरो घेते मी
आणि बराचसा वेळ गप्प बसते.
आईला हे अजून पटलेलं नाही.
"गप्प बसायचे पैसे?" ती म्हणते,
"ते तर आपल्याकडे फुकट मिळतं, तळ्यांसारखं."

टार्मो आला फेब्रुवारीत,
बुटांचा बर्फ दाराबाहेरच झटकून.
वय एक्कावन्न. विमा कंपनीत तेवीस वर्षं.
जळलेलं, भिजलेलं, फुटलेलं जाऊन बघायचं
आणि किंमत लिहायची.
भरपाई हा शब्द दिवसातून चाळीसदा.
सोबत तक्ता आणला होता:
नोकरी सोडण्याचे फायदे डावीकडे, तोटे उजवीकडे,
प्रत्येकाला गुण, खाली बेरीज.
बेरीज म्हणत होती, राहा.
"मग आलात कशाला?"
तो पाण्याकडे बघत राहिला.
"बेरीज तीनदा केली," म्हणाला.

मी शिकून घेतलेले प्रश्न विचारले.
दहा वर्षांनी स्वतःला कुठे बघता?
"पेन्शनीत."
पैशांची चिंता नसती तर काय केलं असतं?
"झोपलो असतो."
लहानपणी कशात रमायचात?
"मासे धरण्यात. पण सगळेच रमतात."
दुसऱ्या भेटीतही तेच.
हात सगळा वेळ कोटाच्या खिशात,
त्यांना आमंत्रणच नसल्यासारखे.

तिसऱ्या भेटीत, उठता उठता, टोपी घालताना,
हवापाण्याचं बोलावं तसं बोलला:
लेम्पालाला एका तळघरात पाइप फुटला होता.
म्हातारीचं अ‍ॅकॉर्डियन दोन दिवस पाण्यात.
रकान्यात मी शून्य लिहिलं. नियमाने शून्यच.
ती काही म्हणाली नाही. कॉफी दिली.
आणि मी, का कोण जाणे,
ते गाडीत घालून घरी आणलं.

इथे हात खिशातून बाहेर आले.
त्यांनी हवेत एक पेटी धरली,
भात्याची एकेक घडी उलगडली,
मेणात रुतलेल्या पोलादी पट्ट्या सोडवल्या,
नखाएवढ्या, जिभेसारख्या,
आणि आदल्या रात्रीच्या सौनाच्या निवत्या फळीवर
टॉवेल अंथरून ओळीने मांडल्या.
"गरम चालत नाही, मेण वितळतं.
नुसती ऊब लागते."
मग टोपी काढून, पुन्हा बसत:
"सिनिक्काने जेवायला तीनदा हाक मारली म्हणे.
मला ऐकूच आली नाही."

मी काही विचारलं नाही.
तास संपून गेला होता.
वरच्या वेळेचे पैसे मी घेतले नाहीत,
आणि ती माझी सगळ्यात मोठी कमाई.

चौथ्या भेटीला तो आला नाही.
निरोप आला: बढती देतायत, आभारी आहे.
मला राग आला. कुणाचा, ते कळेना.

मेमध्ये, तळी मोकळी झाल्यावर,
वेळ न ठरवता दारात उभा.
बढती नको म्हणाला होता. आठवड्याचे तीन दिवस मागितले,
कुरकुरत मिळाले.
उरलेले दोन कांगासालाला, ओन्नी नावाच्या कारागिराकडे.
ओन्नी अठ्ठ्याहत्तरचा, तोंडाने फटकळ.
पगार घटला. मुलगी हसते,
"बाबा आमचा शिकाऊ उमेदवार."
सिनिक्का हसत नाही, हिशेब मांडते,
या उन्हाळ्यात होडी विकावी लागेल.

"सुखी आहात?" मी विचारलं. विचारायला नको होतं.
"पाठ दुखते," तो म्हणाला.
"आणि ओन्नी म्हणतो, तुझा कान अजून विमावाल्याचा आहे."

म्हातारीला अ‍ॅकॉर्डियन परत दिलं होतं.
एक सूर अजून लागत नाही, डावीकडून चौथा.
पुन्हा नेतो म्हटलं तर ती म्हणाली, राहू दे,
माझा नवरा तिथेच चुकायचा.

तो गेल्यावर मी किटली ठेवली.
पाणी उकळेपर्यंत खिडकीशी उभी राहिले.
मग सहज बघितलं
माझे हात कुठे आहेत ते.