पाचव्या मजल्याचं बटण

त्बिलिसीत, आमच्या इमारतीतली लिफ्ट
फुकट हलत नाही.
आतल्या पत्र्याच्या डबीत दहा तेत्रींचं नाणं टाकायचं,
मग ती खोकते, विचार करते,
आणि नाइलाज झाल्यासारखी वर निघते.
दाची चार वर्षांचा. त्याला वाटतं
नाणं हा तिचा खाऊ आहे.

बालवाडीचा बॉयलर फुटला, आठवडाभर सुट्टी.
मी रात्रपाळीहून आलेली, डोळ्यांत वाळू,
आणि हा म्हणतो, खेळ.
शिवणाच्या डब्यातली सगळी बटणं
मी मेणकापडावर ओतली.
ये, म्हटलं, माणसं मांडू.

नऊ पुस्तकं, नऊ मजले.
काड्यापेटीची लिफ्ट, तिला दोरा.
हे तपकिरी म्हणजे ख्विचा.
पहाटे चारला भट्टीत कमरेपर्यंत वाकून
आतल्या भिंतीला पाव थापतो.
"डोकं खाली, पाय वर?"
हो, आणि तरी पाव सरळ.
हे पितळी, ओमारीमामा. लिफ्ट अडली की शिव्या देत येतो.
त्यातल्या दोन तुला पाठ आहेत, त्या इथे नकोत.
हे हिरवं, नवव्यावरची झुझुना आजी.
ती दोरीनं टोपली खाली सोडते,
आणि खालून कुणीतरी त्यात बटाटे घालतं.

"कुणीतरी म्हणजे कोण?"
जो तेव्हा खाली असेल तो.
"मग त्याचं बटण कुठलं?"
मी अडखळले.
त्याला वेगळं बटण नाही रे. कधी कधी ते आपणच असतो.

पांढरं, मी. रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवते.
"कुणाचं रक्त?"
कुणाचंही. एकदा ओमारीमामाचंसुद्धा.
यावर तो बराच वेळ गप्प, पितळी बटण
पांढऱ्याजवळ सरकवून.

शेवटी एक उरलं.
काळं, टवका उडालेलं,
दोन भोकांचं फाटून एकच झालेलं.
दाचीनं ते पाचव्या पुस्तकावर ठेवलं.
पाचव्यावर रेवाझ राहतो.
कुणाशी बोलत नाही. दारावरची घंटा तुटून लोंबते.
त्याच्याबद्दल सगळ्यांना थोडं थोडं ठाऊक आहे,
म्हणून कुणी काही विचारत नाही.

मी माझी यादी चाळली. पाव नाही, पाना नाही,
टोपली नाही, नळी नाही.
हा काय करतो रे? मीच विचारलं.
एवढंही माहीत नाही, अशा नजरेनं
दाचीनं माझ्याकडे पाहिलं.
"तो दार धरतो."

खरंच की.
दोन्ही हातांत पिशव्या, काखेत दाचीची घसरगाडी,
लिफ्टचं दार मिटत आलेलं,
आणि फटीत एक बूट येतो.
काळा, बिननाडीचा.
तीन हिवाळे मी त्या बुटाला धन्यवाद म्हणत आले.
वर कधी पाहिलं नाही.

संध्याकाळी पाव घेऊन परतताना
दाचीनं पाच दाबलं.
अरे, आपण सातव्यावर.
"माहितीये."

पाचव्यावर दार उघडलं. कुणी नव्हतं.
नुसता दिवा, आणि ती लोंबती घंटा.
त्यानं आपला एवढासा बूट
दारात घातला आणि उभा राहिला.
लिफ्ट खोकली. दार दोनदा आपटलं.
तेव्हा दाचीनं ओमारीमामाची एक शिवी
अगदी हळूच दिली,
आणि मला ती ऐकूच आली नाही.