चौथ्या मजल्यावरचं ऊन

खोकं जिन्यातच अडकलं,
दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध.
वरून हान्झा ओरडली,
"क्लेमेन्स, पाठ शिल्लक आहे ना तुझी?"
होती थोडी.
दोघांनी मिळून एकशे एकोणपन्नास वर्षं
आणि एकवीस किलो काच वर चढवली.
मग खाली येऊन दुसरं खोकं.

जिरेनियमच्या कुंड्या स्वयंपाकघरात गेल्या.
पत्रक वाचायला तिचा चष्मा,
स्क्रू शोधायला माझा.
पान्हा हवा दहाचा, घरात होता तेराचा;
तळमजल्यावरच्या पोरानं दिला,
वर विचारलं, "आजी, पडणार नाही ना हे कुणाच्या डोक्यात?"
"पडलं तर तुझा पान्हा परत," हान्झा म्हणाली.

मी दोर धरून उभा.
ती कठड्याबाहेर वाकून आकड्या अडकवत होती,
आणि मला तिचं गाव आठवत होतं.

गावाचा दोष एवढाच
की ते कोळशावर बसलं होतं.
आमचं यंत्र अर्धा किलोमीटर लांब,
रात्री दिव्यांनी लखलखायचं
आणि रोज थोडं थोडं पुढे सरकायचं.
घाई नसायची त्याला.
लिंडनची झाडं गेली, विहीर गेली,
थडगीसुद्धा ट्रकमध्ये बसून गेली,
त्यांच्यावरच्या सोर्बी अक्षरांसकट.
तिला मिळाला होयर्सवेर्डाचा हा चौथा मजला,
दक्षिणेकडे तोंड असलेला.
मला मिळालं पेन्शन.
चाळीस वर्षं एका जिन्यात राहून
हे आम्ही बोललो नव्हतो.

"स्वोंत्सो," ती पुटपुटली.
ढग बाजूला झाला होता.
तिच्या भाषेतला एवढा एक शब्द मला येतो.

प्लग लावला, किटलीशेजारच्या भोकात.
मग दोघं पळत (म्हणजे भिंत धरत) मीटरपाशी.
आतली जुनी चकती, कडेला लाल खूण.
मंदावली.
थांबली.
मग उलटी फिरायला लागली,
आधी लाजत, मग सरळ बेशरम.
हान्झा काचेला नाक लावून बघत राहिली
आणि मला उगाच वाटलं,
आता यंत्रही मागे सरकेल,
खड्डा भरत येईल, कौलं वर चढतील.
खड्ड्यात तर आता तळं आहे.
पोरं होड्या चालवतात.

तिनं चहाला किटली लावली.
चकती गपकन वळली, पुढे धावत सुटली.
किटलीला हवे दोन हजार वॉट,
आमच्या बाल्कनीत तीनशे दहा.
म्हणजे चहात ऊन एखादा घोट,
बाकी सगळा कोळसा असणार.

ओतता ओतता तिनं विचारलं,
"त्या वर्षी तू कुठल्या पाळीला होतास?"
"रात्रीच्या."
"तरीच," ती म्हणाली,
"आईच्या खिडकीतून दिवे दिसायचे.
मला वाटायचं, जत्रा येतेय."

आणि साखरेचा डबा माझ्याकडे सरकवला.