हजेरीपट, १९६१

त्या वर्षी आमची मिल जिंकली.
मी एकही मॅच पाहिली नाही.

मी टाइम ऑफिसात, खिडकी नंबर दोन.
दौत, टाक, आणि तो लांबलचक मस्टर
ज्यात माणूस म्हणजे एक चौकोन.
साहेबांचा हुकूम तोंडी होता :
टीमच्या पोट्ट्यांची हजेरी लावत जा, विचारू नको.
म्हणून हफीज मोमीन, कामठीचा, महिना बासष्ट रुपये,
बॉबिन कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नव्हतं,
माझ्या वहीत सहा महिने विणाई खात्यात हजर.
मोहननगरचा फ्रान्सिस ब्लीचिंगमध्ये हजर,
जबलपूरला दोन गोल मारले त्या दिवशीही.
गोलकीपर दशरथ निखारे रात्रपाळीला हजर,
आणि गोळीबार चौकात, घरी,
चादर तोंडावर घेऊन घोरत.

कपावर नाव मिलचं कोरलं.
शाई माझी होती.

मला मोसम दिसायचा खिडकीएवढा.
श्रावणात फरशीवर चिखलाचे पाय, त्यातले सहा बुटांचे,
बाकीचे चिंध्या बांधलेले.
जिंकले की सोमवारी आवाज चढवून उचल मागायचे,
हरले की गुपचूप अंगठा द्यायचे.
दिवाळीनंतर आवाज असा चढला
की कॅशियर नंदनवार म्हणाले, बावा,
हे लोक असेच जिंकत राहिले तर तिजोरी बसते आपली.

झिबल गजभिये यांच्यातला नव्हता.
झिबल खरा विणकर. चौदा वर्षं चार साचे,
कान त्या खडखडाटात केव्हाच विरघळलेले.
त्याला हाक मारायची तर समोर जाऊन
हात हलवायचा, आगगाडीला दाखवतात तसा.
बारावा म्हणून नाव होतं त्याचं,
चेंडूत हवा भरायला, लिंबं कापायला.
फायनलच्या आदल्या दिवशी फ्रान्सिसचा घोटा गेला.

मैदान मिलच्या भिंतीपलीकडे. समोर रेल्वेची टीम.
अर्धी मिल भिंतीवरून उड्या मारून तिकडे,
माझ्या वहीत सगळे आत.
शून्य-शून्य चाललंय, हे मला पाणीवाल्या पोरानं सांगितलं.

मग पाचाचा भोंगा झाला.

पुढचं मी चाळीस जणांकडून ऐकलंय
आणि चाळीस वेगळं सांगतात, पण एवढं सारखं :
हफीजचा चेंडू हवेत होता.
भोंगा वाजला आणि आपली दहा माणसं जागच्या जागी थांबली,
भोंगा म्हणजे सुटी, हे पायांना माहीत होतं.
ती थांबली म्हणून रेल्वेवाले थांबले, वाटलं शिट्टी झाली.
त्यांच्या गोलकीपरनं हातमोजा काढायला घेतला.
बघणारे तर केव्हाच पाठ फिरवून भिंतीकडे पळत होते,
गेटवर बाहेर पडताना मोजले जायला.

झिबल तेवढा धावत राहिला.

रेल्वेवाले भांडले. रेफ्रीनं खिसा उलटा करून शिट्टी दाखवली.
गोल तो गोल.
झिबलनं वळून पाहिलं तर सगळे पुतळ्यासारखे,
आणि त्याला वाटलं, आपलं काही चुकलं.
दोन्ही हात जोडून उभा राहिला म्हणतात, माफी मागत,
हफीज अंगावर पडेपर्यंत.

मी त्या वेळी गेटवर आठशे माणसं मोजत होतो
आणि आठशेही विचारत होती, काय झालं रे, काऊन ओरडून राहिले?

बक्षीस म्हणून मिलच्याच कापडाची एकेक चादर.
अकरा आणल्या होत्या.
फ्रान्सिसचं नाव यादीत आधीच टाइप झालेलं,
म्हणून चादर फ्रान्सिसला गेली.
झिबलच्या चौकोनात त्या दिवशी मी काय लिहिलं,
सांगू? गैरहजर.
तोंडी हुकूम टीमच्या पोट्ट्यांचा होता,
त्याचं नाव कोणी सांगितलंच नव्हतं.
अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, एक रुपया पाच आणे.

खूप वर्षांनी जुन्या शुक्रवारीत तो भेटला, चहाच्या टपरीवर.
मिल तोवर बंद. मी समोर जाऊन हात हलवला.
खिशात पाचाची नोट होती, द्यायची की नाही ठरत नव्हतं.
ओरडून विचारलं, झिबलभाऊ, तो गोल कसा मारला होता?
आजूबाजूचे वळून बघायला लागले.
त्यानं बशीतला चहा फुंकला, नीट आठवलं,
आणि म्हणाला,
दोन पोरी. एक पोरगा. तिघंही बरे आहेत.