आतली की बाहेरची

साताऱ्याच्या मामेबहिणी सुट्टीत विचारायच्या,
"ठाण्याची ना तू? आतली की बाहेरची?"
आणि गोधडीत तोंड खुपसून खिदळायच्या.
बाहेरची, मी म्हणायचे, बाहेरची.
घरातसुद्धा कुणी भांडं आपटलं
की बाबा म्हणत, "चला, जवळच आहे, रिक्षाही नको."

शाळेचे रिक्षावाले काका त्या भिंतीपाशी आले की ओरडत,
"पोरांनो, हात आत! आतून ओढून घेतात."
मी हात मांडीखाली दाबायचे.
चाळिशी उलटली,
अजून तो रस्ता आला
की हात आपले मांडीखाली.

गेल्या मार्गशीर्षात झोप गेली.
आधी अर्धी, मग सगळी.
एका दुपारी मेथी निवडता निवडता उठले,
बाल्कनीच्या दाराला कुलूप घातलं
आणि संध्याकाळी किल्ली निरंजनच्या तळहातावर ठेवली.
"मी मागितली तरी देऊ नकोस."
त्याने काही विचारलं नाही.
बूटसुद्धा न काढता
तो तसाच फरशीवर बसला.

डॉक्टर म्हणाले, "दाखल होऊ या."
"शाळेत झाले होते तसं?"
"साधारण," म्हणाले.
मी विचारलं, दाखला पण मिळतो का,
आणि तो लेकीच्या लग्नात कुणी मागेल का,
आणि सोडतात ना?
शेवटचा प्रश्न मी तीनदा विचारला.
तिन्ही वेळा त्यांनी नव्याने उत्तर दिलं.

टेबलावर सगळं उतरवून घेतलं:
ओढणी, बांगड्या, मंगळसूत्र, परकराची नाडी.
सेफ्टी पिना निघाल्या नऊ.
मोजता मोजता सिस्टर डाबरे थांबल्या,
"बाई, इतकं टाचून टाचून चालत होतात?"
मी रडले ती तिथे.
मागून दार लागलं तेव्हा नाही.
कुलूप माझ्या बाल्कनीच्या कुलपासारखंच वाजलं.
तेव्हा भीती गेली असं नाही म्हणणार,
पण त्या आवाजाची ओळख होती.

रात्री मोठा दिवा चालूच.
एक बाई एसटीचे थांबे म्हणत होती,
मुरबाडपर्यंत जायची, परत पहिल्यापासून.
मी भिंतीकडे तोंड करून,
हात कुठे ते सांगायला नको.
आणि पलीकडच्या खाटेवरून
खरोखरच एक हात आला.
हिरवं गोंदण, सुरकुतलेला, नखं कापलेली.
ओढलं नाही त्याने काही.
अर्धं ग्लुकोजचं बिस्कीट होतं त्यात.

"खा गो. पैल्यांदाच आयलीस ना?"
चांगुणाबाई भोईर, कळव्याच्या,
तिसऱ्या खेपेला आलेल्या.
"मना बी वाटलेलं, मारतान.
मारीत नाय कोन.
निस्ता उपमा वायट हाय."

उपमा खरंच वाईट होता.
गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं,
पाण्याचा पेला दातांवर वाजायचा,
दुसऱ्या दिवशी मी निरंजनला फोनवर म्हटलं, आत्ताच्या आत्ता ने,
पाचव्या दिवशी म्हटलं, लोणचं आण, चालतं का विचारून.
मधल्या एका रात्री सलग पाच तास झोपले होते.
गालावर उशीची घडी उमटलेली.
आरसा नव्हता,
बोटांनी चाचपत बसले, चहा येईपर्यंत.

एकोणीस दिवस.
पिनांचं पाकीट सही करून परत घेतलं,
अजून फोडलेलं नाही.
बाल्कनीची किल्ली अजून निरंजनकडेच आहे.
असू दे.
गोळ्या चालू आहेत,
आणि गुरुवारी मी रिक्षाने त्याच भिंतीवरून जाते, तपासायला.
एक हात मांडीखाली असतो.

परवा साताऱ्याहून सुमेधाचा फोन.
"होतीस कुठे गं? किती दिवस लागतच नव्हता."
"ठाण्यातच," म्हटलं. "आतली."
पलीकडे एकदम सामसूम.
पंखा ऐकू येत होता तिच्या घरचा.

"अगं, हस ना," मी म्हटलं.